अट क्रमांक अकरा

अट क्रमांक अकरा मी लिहिली.
सही साहेबांची, ठराव मुख्य सभेचा,
पण वाक्य माझं:
"पक्क्या पावतीशिवाय झालेला खर्च
अनुदानास पात्र धरला जाणार नाही."
तिसऱ्या मजल्यावर, एका चहात लिहिली.

उगाच नाही लिहिली.
गुलटेकडीत एक संस्था होती,
कागदावर बेचाळीस मुलं, दोन आया, एक झोपाळा.
पाहणीला गेलो तर शटरला गंज.
शेजारचा पंक्चरवाला म्हणाला,
"पाळणाघर? चार वर्षांत इथं कोणी रडलेलं
ऐकलं नाही, साहेब."

तेव्हापासून अट पाच: नोंदणीकृत भाडेकरार.
अट आठ: तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल.
अट नऊ एका डॉक्टरबाईंमुळे, नाव नको.
प्रत्येक अटीखाली असं कोणीतरी पुरलेलं आहे.
वरून चालतात ते दुसरेच.

लोहियानगरच्या शहनाज बागवान, उदाहरणार्थ.
पहाटे कचरा वेचायला निघणाऱ्या बायांची
एकोणीस पोरं सांभाळतात, पत्र्याच्या खोलीत.
अर्ज दोन प्रतींत. पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र.
स्वहिस्सा पंचवीस टक्के,
तो कुठून आणला मी विचारलं नाही.
मागच्या खेपेला कानांत काहीतरी होतं.

सगळं होतं. दुधाच्या पावत्या नव्हत्या.
"टपरीवाला कुठली पावती देतो?
तीन पिशव्या मागितल्या की तीन पिशव्या देतो."
मी अट अकरावर बोट ठेवलं.
त्यांनी ती वाचली, हळू, ओठ हलवत,
आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय."
टोमणा होता की काय, अजून कळलेलं नाही.

आठवड्याने आल्या त्या गोणपाट घेऊन.
आत दुधाच्या रिकाम्या पिशव्या,
धुतलेल्या, वाळवलेल्या, कोपरा कापलेल्या,
महिन्यावार सुतळीत ओवलेल्या.
जूनची माळ, जुलैची माळ,
ईदेला दोन दिवस खंड, दिवाळीला चार.
"तारीख छापलेली असते," म्हणाल्या. "मोजा."

मोजल्या.
जेवणाची सुट्टी गेली, टेबलाला आंबूस वास आला,
पोकळे नाकाला रुमाल लावून पलीकडे जाऊन बसले.
सातशे अकरा.
खर्चाच्या तक्त्यात सातशे दहा.
एक फाटकी निघाली होती, ती त्यांनी धरलीच नव्हती.

फाइल वर गेली, माळांसकट.
लेखा विभागाचा शेरा आला:
"पिशव्यांवर दिनांक आढळतो.
संस्थेचे नाव आढळत नाही."
खरं आहे. आढळत नाही.
एकतीस मार्च झाला. रक्कम व्यपगत.
माळा रेकॉर्डला, कप्पा चौदा,
आता झुरळांनाच लाभार्थी म्हणून दाखवावं लागेल.

नव्या वर्षाची नियमावली टंकायला माझ्याकडेच आली.
जूनमध्ये मी निवृत्त.
अकराखाली (अ) घातला:
"जेथे पक्की पावती मिळणे शक्य नाही, तेथे"
आणि थांबलो. तेथे काय?
"विश्वास" लिहिलं. खोडलं.
गुलटेकडीवाल्यानेही तोच वापरला होता.
"पिशवी" लिहिलं. खोडलं.
उद्या कोणी मार्केटयार्डात पिशव्यांचंच दुकान काढेल.
खाली मनपा स्टॉपवर कंडक्टर ओरडतोय,
"कात्रज, कात्रज, सुट्टे काढा,"
आणि टराटरा फाडून देतोय
दहा-दहा रुपयांच्या पक्क्या पावत्या.

चार वाजता शिपायाने टपाल ठेवलं.
आवक क्रमांक चारशे सतरा. लोहियानगर. पुन्हा.
जोडपत्रांच्या रकान्यात पेनाने एवढंच:
पिशव्या या वेळी पाठवत नाही.
इथेच ठेवल्यात, येऊन मोजा.
सकाळी सहाला या.
तेव्हा पोरं रडतात.